गाडी उलार भरलीय, जावईबापू!

कॅम्पर घेतला, फॅमिली बसवली आणि योसेमिटीला निघालो. पण पहिल्याच उतारावर मागचा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. दोष स्टिअरिंगमध्ये असेल असं वाटलं होतं. निघाला भलतीकडेच...

स्टिअरिंग आपल्या हातात असतं, याचा अर्थ गाडी आपल्या हातात असते असं नाही. हे वाक्य कुठल्याही मॅनेजमेंट गुरूचं नाही. ताशी ६५ मैलांच्या स्पीडला, आल्टामाँट पासच्या उतारावर मला स्वतःला झालेला हा साक्षात्कार आहे. तेव्हा गाडीत बायको, चार वर्षांची लेक आणि मागच्या सीटवर सासू-सासरे होते. म्हणजे बघा, साक्षात्कार व्हायला यापेक्षा वाईट वेळ नसेल!

पण आधी थोडा फ्लॅशबॅक.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या फ्रीमाँटचा टिपिकल मराठी आयटीवाला. आठवडाभर मीटिंगा आणि वीकएण्डला कुठेतरी पळायचं. इथे कॅम्पिंगचं वेड जबरदस्त. आम्हीही तंबू घेऊन बरंच हिंडलो. पण गेल्या उन्हाळ्यात बायकोचे आई-बाबा कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आले आणि प्रश्न पडला. आईंचे गुडघे दुखतात, त्या जमिनीवर झोपणार कशा? मग एका आजी-आजोबांकडून सेकंडहॅण्ड पॉप-अप कॅम्पर घेतला. पॉप-अप म्हणजे बंद असताना दोन चाकांवरचा मोठ्ठा पत्र्याचा डबा. हॅण्डल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन्ही बाजूंनी कापडी पंख बाहेर निघतात आणि त्यात चक्क पलंग! मध्ये टेबल, शेगडी, सिंक. फिरता वन-आरकेच म्हणा ना. आई तर जाम खूश. 'यात कुकर लागेल की!' ही त्यांची पहिली कॉमेंट.

आणि मग जे व्हायचं ते झालं. आपण मराठी माणसं पॅकिंग कसं करतो ते तुम्हाला माहीतच आहे. कुकर, पोळपाट, तांदूळ-डाळीचे डबे, चाळीस लिटर पाण्याचे कॅन, बर्फाचा मोठा कूलर. या सगळ्यासाठी ट्रेलरच्या मागच्या टोकाला एक ऐसपैस कप्पा होता. दार उघडायला सोपं म्हणून सगळं तिथेच कोंबलं. शिवाय मागच्या बम्परला स्टॅण्ड लावून त्यावर तीन सायकली. फोटो काढला, मित्रांना पाठवला, गणपतीबाप्पा मोरया!

शेपूट हललं

लिव्हरमोर सोडलं की हायवे ५८० आल्टामाँटच्या डोंगरात चढतो. दोन्ही बाजूंना पवनचक्क्या. १९८०च्या दशकापासून इथे वाऱ्यावर वीज बनते, यावरून वाऱ्याची कल्पना करा. चढ ठीक गेला. उतार लागला तसा स्पीड आपोआप वाढला. खरं तर कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानं ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. मला हे माहीत होतं. पण सगळेच पळतात ना, मग आपणही! पुढे एक अठरा चाकी ट्रक होता. म्हटलं, काढू पुढे.

ट्रकच्या तोंडाशी पोचलो आणि त्यानं कापलेल्या हवेचा धक्का बसला. ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. आरशात कधी ट्रेलरची ही बाजू दिसायची, कधी ती. मी स्टिअरिंग उलट फिरवून सावरायला गेलो, तर झोके आणखी वाढले. घाबरून ब्रेक दाबला, तर मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. बायको ओरडली, 'ब्रेक सोड, ब्रेक सोड!' मी पाय उचलला. नशिबानं तेवढ्यात उतार संपत आला होता. स्पीड पडला आणि झोके विरून गेले.

सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. कडेला गाडी थांबवली तेव्हा माझे हात थरथरत होते. आई पुटपुटत स्तोत्र म्हणत होत्या. लेकीनं विचारलं, 'बाबा, परत एकदा?' त्यावर कुणी हसलं नाही.

ट्रेसीहून यू-टर्न घेतला आणि ताशी ४५ मैलांनी रडतखडत घरी आलो. रात्री बायकोनं शांतपणे सांगितलं, 'एक तर याचं कारण शोध, नाहीतर विकून टाक. पिल्लूला मी यात परत बसवणार नाही.' ती चिडून बोलली असती तर मी वाद घातला असता. शांतपणे बोलली, म्हणून गप्प बसलो.

खर्च केला, दोष तिथेच

मी पडलो इंजिनिअर. प्रॉब्लेम स्टिअरिंगला जाणवला, म्हणजे दोष स्टिअरिंगमध्येच असणार, असा माझा सरळ हिशेब. गाडी गॅरेजला नेली. व्हील अलाइनमेंट झाली, पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग झालं, बिल भरलं. 'तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही,' असं सर्टिफिकेट घेऊन परत आलो. मग ऑफिसातल्या एकानं सुचवलं, झोके आवरणारा दांडा मिळतो, तो लाव. गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये एक घर्षणाचा दांडा बसवतात, त्यानं ट्रेलरची वळवळ कमी होते. ऑर्डर देणारच होतो.

तेव्हा सासरेबुवा ड्राइव्ह-वेमध्ये आले. कॅम्पर गाडीपासून सोडवून उभा होता, सामान अजून आतच होतं. ते पुढच्या दांडीपाशी वाकले, दोन्ही हातांनी ती धरली आणि जरा वर उचलली. सत्तरीतला माणूस! परत खाली ठेवली आणि म्हणाले, 'जावईबापू, गाडी उलार भरलीय तुम्ही.'

उलार. मी हा शब्द आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

बैलाच्या मानेवरचं वजन

बाबा शिक्षक म्हणून रिटायर झाले, पण लहानपणी वडिलांबरोबर उसाची बैलगाडी घेऊन कारखान्यावर जायचे. त्यांनी सांगितलं ते असं. बैलगाडीला दोनच चाकं. आसाच्या मागे जास्त भार झाला की दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून उठतं आणि जोत्याचा फास बैलांच्या गळ्याला बसतो. ही उलार गाडी. पुढे फार भार झाला की जू मानेवर दाबतं, बैल वाकतात. म्हणून भरताना भार चाकांवर घ्यायचा आणि थोडासा, अगदी थोडासा, मानेवर ठेवायचा. 'मोळ्या रचणारा गडी हुशार लागायचा. बैल बिचारे काय करणार?'

मंडळी, खरं सांगतो, त्या रात्री मी कॅम्परचं मॅन्युअल उघडलं आणि त्यात हेच लिहिलं होतं. बैलांच्या जागी गाडी आणि जुवाच्या जागी मागचा लोखंडी बॉल, एवढाच काय तो फरक. अमेरिकेतल्या अशा ट्रेलरसाठी नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन त्या बॉलवर यायला हवं. त्यापेक्षा कमी आलं तर ट्रेलर शेपूट हलवतो.

का हलवतो? बॉलला अडकलेला ट्रेलर म्हणजे आडवा लंबकच. वारा, ट्रकची हवा किंवा रस्त्यातला खड्डा त्याला धक्का देतो. स्पीड कमी असेल तर चाकांच्या पकडीमुळे झोका एक-दोन फेऱ्यांत मरतो. पण प्रत्येक जोडीचा एक ठरावीक स्पीड असतो. त्याच्या वर गेलं की झोका मरण्याऐवजी वाढत जातो. मागे भार टाकला की हा धोक्याचा स्पीड खाली येतो. आणि भार अगदी टोकाला असेल तर एकदा सुरू झालेला झोका थांबता थांबत नाही. हातात दोन डम्बेल घेऊन, हात पसरून गोल फिरून बघा. थांबताना काय होतं ते लगेच कळेल!

आधी वजन, मग बोला

फंडा क्लिअर झाला. आता आकडे हवे होते. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला वजनकाटा असतो, तिथे भरलेला कॅम्पर तोलला: १,२०० किलो. बॉलवरचं वजन मोजायला घरातला बाथरूमचा वजनकाटा पुरला. सपाट जागी चाकांना अडसर लावायचे, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि दांडीचं तोंड एरवी गाडीला जोडताना असतं त्याच उंचीवर त्या ठोकळ्यावर टेकवायचं. काटा म्हणाला ६५ किलो. हवं होतं किमान १२०. म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के! बाबांच्या दोन हातांनी जे सांगितलं तेच काट्यानं सांगितलं.

मग मीटर टेप घेऊन गणित मांडलं. आमच्या चाकांच्या आसापासून बॉलपर्यंत ३ मीटर. सायकली आणि स्टॅण्ड मिळून ४५ किलो, आसाच्या १.८ मीटर मागे. नुसत्या सायकलीच बॉलवरचं २७ किलो वजन उचलत होत्या. मागच्या कप्प्यातलं ७० किलो सामान आसाच्या दीड मीटर मागे होतं, ते आसाच्या साठ सेंटिमीटर पुढे, जमिनीलगत आणून बांधलं. तेवढ्यानं बॉलवर ४९ किलो वाढले. सायकली गाडीच्या टपावर गेल्या. परत मोजलं: १४१ किलो, बारा टक्क्यांच्या वर. एक स्क्रूसुद्धा विकत न घेता!

त्याच दिवशी टायर बघितले आणि डोक्याला हात लावला. ट्रेलरच्या टायरमध्ये मी गाडीच्या सवयीनं ३५ पौंड हवा ठेवली होती. टायरच्या कडेवर लिहिलं होतं ५०. ट्रेलरच्या टायरमध्ये सहसा कडेवर लिहिलेला पूर्ण दाब, टायर थंड असताना भरायचा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू लवते आणि ट्रेलर जागच्या जागी डुलतो. त्यावर आणखी चार आकडे होते: २२१६. म्हणजे २०१६ सालच्या २२व्या आठवड्यातला टायर! नक्षी नवीकोरी, पण रबर म्हातारं. दोन्ही बदलले. बॉलचा नट पान्यानं आवळला. चाक उचलून, हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते पाहिलं. गाडीला जोडल्यावर ट्रेलर आडवा, सरळ रेषेत उभा राहतो ना, तेही पाहिलं. नाक वर करून उभा राहिला तर तोही उलारच म्हणायचा.

आता पुढची चाकं हलकी

मोठ्या ऐटीत सगळ्यांना बसवून कॉलनीत एक चक्कर मारली. शेपूट एकदम गप्प. पण स्टिअरिंग विचित्र. हलकं, तरंगल्यासारखं, वळणावर गाडी अर्धा क्षण उशिरा ऐकतेय असं. संध्याकाळी समोरून येणारे दिवे मारायला लागले, कारण आमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होते. गाडी मागे बसली होती.

इथे दुसरा धडा. बॉल हा गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे वजन ठेवलं की गाडी मागच्या आसावर सी-सॉसारखी टेकते आणि पुढचा भाग उचलला जातो. आमचा बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आणि दोन आसांमधलं अंतर २.७ मीटर. १४१ किलोच्या हिशेबानं पुढच्या चाकांवरून ६३ किलो वजन गायब! ज्या चाकांनी वळायचं, तीच हलकी झाली. म्हणजे शेपूट हलणं आणि स्टिअरिंग तरंगणं हे दोन वेगळे आजार. पहिल्यात बॉलवर वजन कमी, दुसऱ्यात मागे वजन फार. एकाचं औषध जास्त झालं की दुसरा आजार होतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. बॉलवरचं वजनही त्यातच मोजायचं, हे मला कुठे माहीत? आमची मर्यादा ५०० किलो. चार मोठे, लेक आणि तिची सीट मिळून २९५. टपावर सायकली ४५, डिकीत ७०, बॉलवर १४१. बेरीज ५५१. ट्रेलर ओढायची ताकद भरपूर होती, पण पाठीवरचं ओझं जास्त झालं होतं.

यावर एक उपाय म्हणजे वजन वाटणारी जोडणी. तिचे स्प्रिंगसारखे दोन दांडे बॉलवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. चांगली वस्तू आहे, पण ती आपल्या गाडीला आणि ट्रेलरला चालते का ते दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये साफ मनाई होती. मग उरला एकच मार्ग, आपल्याला सगळ्यात अवघड जाणारा: सामान कमी करणं!

सायकली घरी राहिल्या. डिकीतलं ४० किलो ट्रेलरमध्ये बरोबर आसावर गेलं. पाण्याचे कॅन रिकामे नेले, कॅम्पग्राउंडला नळ असतोच की. शेवटचे आकडे: ट्रेलर १,१५५ किलो, बॉलवर १३३, गाडीत सगळं मिळून ४५८. आईंना एवढंच म्हणायचं होतं की कुकर कमी होणार नाही. कुकर राहिला.

पुन्हा आल्टामाँट

रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ट्रायल घेतली. मी एकटाच जाणार होतो. बाबा न विचारता शेजारी येऊन बसले. 'गाडी मी भरलीय, बसणार मीच.' ४५, मग ५०, मग ५५. आल्टामाँटच्या त्याच उतारावर एक ट्रक शेजारून गेला. ट्रेलर किंचित हलला आणि लगेच सरळ झाला. स्टिअरिंग ठाम. आम्ही दोघं काही बोललो नाही. बाबांनी फक्त खिशातून लवंगेची डबी काढून माझ्यापुढे धरली.

घरी येऊन बायकोला आकडे लिहिलेला कागद दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, 'स्पीड?' मी म्हटलं, '५५. कितीही लोकांनी ओव्हरटेक केलं तरी.' 'मग ठीक आहे.'

पुढच्याच आठवड्यात गेलो. ग्रोव्हलंडच्या आधी प्रीस्ट ग्रेडचा चढ आहे. जुना रस्ता छोटा पण भयंकर खडा, नवा लांबचा आणि वळणावळणाचा. ट्रेलरवाल्यानं गुपचूप नवा घ्यायचा, आम्हीही घेतला. संध्याकाळी योसेमिटीच्या दरीत कॅम्पर उघडला आणि आईंनी पहिली शिट्टी काढली. अस्वलांमुळे तिथे खाण्याच्या वस्तू रात्री लोखंडी पेटीत ठेवाव्या लागतात. पोळपाट-लाटण्यासकट सगळं त्यात गेलं.

तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईत बसून आम्हाला काय त्याचं? महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्याचं सांगता येत नाही बॉस! आणि ट्रेलर सोडा. गणपतीला कोकणात जाताना डिकी ठासून भरता, वर कॅरिअर लादता आणि घाटात स्टिअरिंग हलकं का लागतंय म्हणून मेकॅनिकला शिव्या घालता, तेव्हा हेच होत असतं. मागच्या आसाच्या मागे टाकलेला प्रत्येक किलो पुढची चाकं हलकी करतो. जड सामान डिकीत तळाला आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, एवढं तरी करा.

आई-बाबा आता कराडला परतले आहेत. आम्ही कॅम्पर काढणार असं कळलं की आदल्या रात्री बाबांचा फोन येतो. तब्येत नाही, हवापाणी नाही, एकच प्रश्न.

'मानेवर किती?'

'एकशे तेहेतीस.'

'मग निघा.'

शेपूट हललंच तर...

- अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. स्पीड पडू द्या.
- स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. उलटसुलट फिरवून झोके मारायला जाऊ नका.
- गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरची हाताची कळ हळूहळू दाबा, म्हणजे नुसत्या ट्रेलरला ब्रेक लागून तो सरळ ओढला जातो. माझ्या गाडीत ही कळ पहिल्या दिवसापासून होती. मला ती कशासाठी असते हेच ठाऊक नव्हतं. निघण्याआधी रिकाम्या जागी दाबून बघा.
- स्पीड वाढवून सुटायला बघू नका.
- थांबल्यावर आधी सामान बघा. स्टिअरिंग नंतर.